शिडाची होडी आणि विजेची तार

विजेचे आणि खाऱ्या पाण्याचे नाते मोठे चमत्कारिक आहे. वैर म्हणावे तर दोघांची सलगी विलक्षण, आणि सलगी म्हणावी तर त्या सलगीपायी तिसऱ्याचाच जीव जातो. गोडे पाणी विजेला फारशी वाट देत नाही. खारे पाणी मात्र तिला घरची माणसे असल्यासारखे आत घेते, आणि जाता जाता वाटेत सापडेल ते तांबे, लोखंड, जस्त खाऊन टाकते. ज्याने कधी जुनी शिडाची होडी विकत घेतली असेल त्याला हे शहाणपण पदरचे पैसे मोजून मिळते. शीड फाटले तर दिसते. डोलकाठीला तडा गेला तर हाताला लागतो. फळी कुजली तर चाकूचे टोक टोचले की कळते. पण फळीच्या आड वीस वर्षे पडून राहिलेली तार आतून लाल आहे की हिरवी पडली आहे, हे बाहेरून कोणाला कळावे? दिवा लागतो तोवर लागतो. आणि एखाद्या अमावास्येच्या रात्री, मोठ्या आगबोटींच्या नेमक्या वाटेवर, तो मालवतो.

दिवाळीच्या दिवसांत दिव्यांचीच गोष्ट सांगावी, म्हणून ही एका निराळ्या दिव्याची गोष्ट.

शिडाच्या होडीला वीज मुळीच लागत नाही, असे म्हणणारे लोक अजूनही आहेत आणि त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला एक जबरदस्त माणूस उभा आहे. जोशुआ स्लोकम त्याचे नाव. १८९२ साली अमेरिकेतील फेअरहेव्हन गावी एका स्नेह्याने त्याला एक होडी देऊ केली. स्लोकम पाहायला गेला, तो होडी किनाऱ्यावर शेतात उभी, अंगाखांद्यावर कुजलेल्या फळ्या. ‘स्प्रे’ तिचे नाव. त्याने तेरा महिने खपून ती जवळजवळ नवीनच बांधली. खर्च आला ५५३ डॉलर आणि वर काही सेंट. ह्या जुन्या होडीत बसून तो १८९५ च्या एप्रिलमध्ये बोस्टनहून निघाला आणि १८९८ च्या जूनमध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. एकट्याने केलेली ती पहिली प्रदक्षिणा. त्याच्याजवळ तेलाचे दिवे होते आणि एक स्वस्तातले पत्र्याचे घड्याळ होते. विजेचे नाव नव्हते. त्याची तार गंजली नाही, कारण तार नव्हतीच! पण हा युक्तिवाद फार ताणू नये. स्लोकमच्या वेळी समुद्रात आजच्याइतकी आगबोटींची वर्दळ नव्हती, आणि तो स्वतः १९०९ साली त्याच ‘स्प्रे’वर समुद्रात गेला तो परत आलाच नाही. काय झाले, हे सांगायला त्याच्यापाशी बिनतारी यंत्र नव्हते.

गंमत अशी की, होडीत विजेचा दिवा येण्याच्या कितीतरी आधी होडीत वीज होती. माणसांनी ती नेली नव्हती. ती आपल्या आपण तयार झाली होती. अठराव्या शतकात इंग्रज आरमाराला शिपवर्म नावाच्या लाकूड पोखरणाऱ्या किड्याने हैराण केले होते. म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला गेला. वेस्ट इंडीजची सफर करून जहाज परतले. १७६३ साली पाहणी झाली तेव्हा तांबे झकास होते, किड्याचा मागमूस नव्हता. पण ज्या लोखंडी खिळ्यांवर सारे जहाज उभे, ते मात्र पार खाल्ले गेलेले! फक्त काही ठिकाणी, पत्रे गुंडाळून आणलेला पिंगट कागद चुकून तसाच खाली राहिला होता, तिथले खिळे जिवंत होते. कागदाने तांब्याला लोखंडाशी शिवू दिले नव्हते.

आज आमच्या इयत्ता आठवीतला मुलगा लिंबात एकीकडे तांब्याची तार आणि दुसरीकडे जस्ताची पट्टी खोचतो आणि मीटरचा काटा हलताच ओरडतो. ‘अलार्म’चा तळ म्हणजे तेच लिंबू, फक्त समुद्राएवढे. पण १७६३ साली हे सांगणार कोण? व्होल्टाने आपली बॅटरी जगापुढे मांडली १८०० साली. पुढे १८२४ साली हंफ्री डेव्ही ह्या शास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि उपाय सांगितला : तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडा, समुद्र तो तुकडा खाईल आणि तांब्याला सोडून देईल. उपाय तंतोतंत खरा ठरला. तांबे झिजेना. पण तांबे झिजेना म्हणून त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि तळावर शेवाळ आणि शिंपले असे माजले की जहाजे चालेनात. बिचाऱ्या डेव्हीची टवाळी झाली. एवढे मात्र खरे की, आज मुंबईच्या किंवा पणजीच्या बंदरात कुठलीही यांत्रिक होडी ओढून किनाऱ्यावर घेतली, तर पंख्याच्या दांड्याजवळ बोल्टाने आवळलेला जस्ताचा गोळा दिसतो. तो अर्धा खाल्लेला दिसला तर मालकाने आनंद मानावा. त्याने आपले काम केले आहे. मुळीच खाल्लेला नसेल, तर त्याची जोडणी कुठेतरी तुटली आहे आणि समुद्र दुसरेच काहीतरी खात बसला आहे.

आता मूळ गोष्टीकडे वळू.

१९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एक अचाट शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा. १ जून ते ३१ ऑक्टोबर ह्या काळात केव्हाही निघावे. पहिला येईल त्याला सोन्याचा मुलामा दिलेला गोल, आणि सर्वांत कमी दिवसांत येईल त्याला पाच हजार पौंड. नऊजण निघाले. त्यांतील दोघांची होडी आपल्याला पाहायची आहे, आणि दोघांचाही आपल्या देशाशी संबंध आहे.

पहिला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवरचा अधिकारी. त्याची ‘सुहेली’ ही होडी आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधलेली आहे. ३२ फुटांची, दोन डोलकाठ्यांची, अस्सल सागाची. हातातल्या वाकसाने लाकूड तासणाऱ्या आपल्या सुतारांनी ती बांधली आणि १९६४ साली नाळेवर नारळ फोडून पाण्यात सोडली. ज्या मुंबईत वाडियांनी १८१७ साली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे, त्या मुंबईच्या सागाबद्दल नवल करण्याचे कारण नाही. नवल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. शर्यतीला निघाली तेव्हा ‘सुहेली’ नवी नव्हती. मुंबईहून मस्कत, मोंबासा, दरबान करीत ती इंग्लंडला पोहोचली होती. अंगावर हजारो मैलांचे खारे पाणी घेतलेली होडी ती. नवी होडी बांधायला पैसे मिळेनात, म्हणून मालकाने हीच डागडुजी करून घेतली.

दुसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. जन्म १९३२, गाझियाबाद. बाप रेल्वेत, आई शाळामास्तरीण. १९४७ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. बापाने आयुष्याची पुंजी इथल्या एका खेळसामानाच्या कारखान्यात घातली होती, तो कारखाना फाळणीच्या दंगलीत जळाला. मुलगा विजेच्या उपकरणांचा इंजिनियर झाला. बिनतारी लहरींवरून दिशा सांगणारे एक हातातले यंत्र त्याने बनविले होते. धंदा मात्र चालेना. शर्यत जिंकली तर सारे सुरळीत होणार होते आणि हरली तर घर आणि धंदा दोन्ही गहाणात जाणार होते. त्याने तीन तळांची, ४० फूट लांबीची होडी बांधून घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’. नावातच वीज!

ह्या दोन होड्या शेजारी शेजारी मांडल्या की, वाटावे, एकीत वीज कमी म्हणून ती बुडावी आणि दुसरीत वीज भरपूर म्हणून ती तरावी. झाले उलट.

क्रोहर्स्टची कल्पना मोठी हुशारीची होती. तीन तळांची होडी एकदा उलटली की सुलटत नाही, म्हणून डोलकाठीच्या टोकाला हवेने फुगणारी पिशवी बसवायची; होडी कलली की तळातल्या तारांना ते कळेल, तारा एका यंत्राला सांगतील आणि यंत्र पिशवी फुगवील. त्यासाठी होडीभर रंगीबेरंगी तारा ओढल्या गेल्या. होडी पाण्यात उतरली २३ सप्टेंबरला आणि शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर. त्याच दिवशी तो निघाला. तारांचा तो सुंदर झुबका कॅबिनमधल्या बाकाखाली येऊन संपत होता आणि तिथे यंत्र नव्हते. तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या! ते काम वाटेत करायचे राहिले होते.

ह्याहून मोठा घात केला तो एका झाकणाने. वीज निर्माण करणारे जनरेटर मागच्या बाजूला, बसायच्या जागेच्या खाली ठेवले होते आणि वरचे झाकण गळत होते. नोव्हेंबरच्या मध्यावर खालचा कप्पा पाण्याने भरला आणि जनरेटर बुडाले. वीज नाही म्हणजे दिवे नाहीत, बिनतारी नाही, पिशवीचे यंत्र तर नाहीच. पाणी उपसायच्या पंपाची नळी धक्क्यावरच विसरलेली. त्याने वहीत होडीच्या सगळ्या दोषांची यादी केली आणि परत फिरावे की पुढे जावे ह्याचा हिशेब मांडला. दक्षिण महासागरात अशी होडी टिकणार नाही, हे तो इंजिनियर असल्यामुळे त्याला कोणाहीपेक्षा अधिक चांगले कळत होते. आणि परत फिरावे तर घर जाते. त्याने तिसरा मार्ग काढला. अटलांटिकमध्येच फिरत राहायचे आणि बिनतारीवरून खोटे मुक्काम कळवायचे. डिसेंबरमध्ये त्याने एका दिवसात २४३ मैल कापल्याचे कळविले. लंडनमध्ये वाहवा झाली. मग इतके दिवस गप्प कसे राहायचे? जानेवारी १९६९ मध्ये त्याने कळविले की, जनरेटरचे झाकण बंद करून टाकावे लागत आहे, आता संदेश येणार नाहीत. ज्या झाकणाने त्याला बुडविले होते त्याच झाकणाची त्याने सबब केली. मला ह्या साऱ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत करुण वाटते.

तिकडे ‘सुहेली’वर काय चालले होते? तिथेही सगळे बिघडतच होते. १४ जून १९६८ ला फॉलमथहून निघाल्यावर सुमारे अडीच महिन्यांत संदेश पाठविण्याचे यंत्र बंद पडले. पिण्याचे पाणी नासले. पुढे सुकाणू आपोआप धरणारी यंत्रणा मोडून गेली. पण विजेच्या बाबतीत नॉक्स-जॉन्स्टनचा बाणा आपल्या खेड्यातल्या सायकल दुरुस्त करणाऱ्याचा होता. बॅटरी भरणारे इंजिन ठिणगी देईना. त्यातल्या फटीचे अंतर नेमके ठेवायला हवे आणि ते मोजायची पातळ पट्टी जवळ नाही. त्याने एका पुस्तकाची पाने मोजली : इंचाला दोनशे. म्हणजे एक पान पाच सहस्रांश इंच जाड. तीन पाने फटीत सरकवली की झाले पंधरा! इंजिन सुरू झाले. डाग द्यायला कथील नव्हते, तर त्याने जुन्या बल्बांच्या बुडाचे थेंब वितळवून घेतले.

आणि ह्याच बॅटरीपायी त्याचा एक डोळा जायची वेळ आली होती. बॅटरीतल्या आम्लाची घनता तपासत असता होडीला हिसका बसला आणि आम्ल डोळ्यात उडाले. त्याने भराभर पाणी मारले, औषध घातले, आणि दरबानला वळावे काय ह्याचा विचार केला. शर्यतीसाठी एक डोळा गेला तर गेला, असे ठरवून तो पुढे गेला. दैवाने डोळा वाचला. हे शौर्य की अविचार, हे वाचकांनी घरी बसून ठरवावे. मी दोन्ही बाजूंनी भांडायला तयार आहे.

तपासायला गेलेल्या माणसाच्या डोळ्यात आम्ल उडते, हे वाचून कोणी बॅटरी तपासणे सोडू नये, चष्मा घालावा. शिशाची बॅटरी १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधली आणि तिचा स्वभाव अजून बदललेला नाही. पूर्ण भरलेली असता तिच्या आम्लाची घनता १.२६ च्या आसपास, रिकामी होताना १.१२ पर्यंत उतरते. भरताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून कोंदट कपाटात तिला ठेवू नये. तिच्यात समुद्राचे पाणी शिरले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. पाणबुड्यांवरच्या खलाशांना ह्या वायूचे भय फार.

जुनी होडी घेणारा अनुभवी माणूस म्हणूनच दिवे लावून पाहत बसत नाही. तो पहिल्याने होडीच्या तळात वाकतो. ज्या तारा तळातल्या पाण्यात लोळत असतील त्या गेल्याच समजायच्या. मग तो एखाद्या तारेचे टोक कापतो, रबर सोलतो. आत काळी-हिरवी भुकटी दिसली की आणखी वीतभर मागे कापतो. पुष्कळदा ती भुकटी केशाकर्षणाने हातभर आत चढलेली असते. ह्यासाठी होडीची तार कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी लागते. घरबांधणीच्या दुकानातली एकेरी जाड तार होडीत घालणे म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांची सोय. होडीच्या थरथरीने ती आतल्या आत मोडते.

ह्यानंतर प्रश्न येतो गणिताचा, आणि इथे माझ्यातल्या मास्तराला आवरणे कठीण. घरात वीज २३० व्होल्टची, होडीत १२. डोलकाठीच्या टोकावर २५ वॅटचा दिवा म्हणजे सुमारे दोन अँपिअर प्रवाह. गंजलेल्या जोडांनी जाण्या-येण्याच्या वाटेत अर्ध्या ओहमचा अडथळा केला, तर एक व्होल्ट तिथेच मेला. घरी एक व्होल्ट गेला तर कळतही नाही. होडीत बारातला एक गेला की दिवा पिवळा पडतो, आणि दोन मैलांवरून दिसायला हवा तो तितक्या लांबून दिसेनासा होतो. तोच दिवा दहा तास जाळला तर वीसाहून अधिक अँपिअर-तास बॅटरी खातो. आजचा एलईडी दिवा तितकाच उजेड देऊन ह्याच्या दशांशात भागवतो. जुन्या होडीत करायची पहिली सुधारणा ही. नवी महागडी बॅटरी मागाहून.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती वीज निरुपद्रवी असे समजतात. झटका बसत नाही हे खरे. पण बॅटरीची दोन टोके एखाद्या पान्याने जुळली तर शेकडो अँपिअर क्षणात वाहतात, पाना लाल होतो, आणि लाकडाच्या होडीत आग लागली तर पळायला अंगण नसते. म्हणून फ्यूज दिव्याजवळ नको, बॅटरीजवळ हवा.

१९६९ च्या जूनमध्ये क्रोहर्स्टचे संदेश पाठविण्याचे यंत्र बंद पडले. भर उन्हात, चिंचोळ्या कॅबिनमध्ये बसून ह्या हुशार माणसाने ते उलगडून पुन्हा जुळविले आणि चालू केले. ते काम उत्तम झाले होते, हे मुद्दाम सांगायला हवे. पण तोवर नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, फॉलमथला पोहोचला होता, आणि नायजेल टेटली नावाच्या तिसऱ्या स्पर्धकाची होडी, क्रोहर्स्ट मागून येतो आहे ह्या धास्तीने हाकलता हाकलता, मे महिन्यात बुडाली होती. आता सर्वांत कमी दिवसांचे बक्षीस खोट्या प्रवासाला मिळणार, वह्या तपासल्या जाणार. १ जुलैला त्याची शेवटची नोंद आहे. १० जुलैला ‘पिकार्डी’ नावाच्या आगबोटीला होडी मोकळी तरंगताना सापडली. माणूस नव्हता. पाच हजार पौंड नॉक्स-जॉन्स्टनला मिळाले. त्याने ते क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले.

आपल्याकडेही ही कथा पुढे चालली. १९८५ ते १९८७ मध्ये आपल्या लष्कराच्या इंजिनियर दलाने ‘तृष्णा’ नावाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती होडी इंग्लंडात जुनीच विकत घेतलेली होती. दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा केली. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी ह्यांनी २०१२-१३ मध्ये त्याच होडीतून, कुठेही न थांबता. २०१८ साली जुन्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त तशीच शर्यत पुन्हा झाली. १९६८ सालच्याच साधनांनी दिशा शोधायची, असा नियम. ‘सुहेली’ची हुबेहूब प्रतिमा असलेली ‘तुरीया’ गोव्यात बांधून टॉमी निघाले. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरातल्या वादळाने डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांची पाठ जायबंदी केली. हलता येत नाही, अशा स्थितीत हातापाशी असलेल्या एका लहानशा उपग्रह-संदेश यंत्रावरून ते दोन-चार शब्द पाठवीत राहिले. आरमाराच्या विमानाने होडी हेरली आणि २४ सप्टेंबरला एका फ्रेंच गलबताने त्यांना उचलले. पुढच्या शर्यतीत ते एका वापरलेल्या होडीतून उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले.

‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ पुढे विकली गेली आणि वेस्ट इंडीजमधल्या केमन ब्रॅक बेटावरच्या वाळूत सडत पडली. ‘सुहेली’ १९९७ पासून काही वर्षे ग्रीनिचच्या संग्रहालयात ठेवली होती. तिथली कोरडी हवा तिच्या फळ्यांना मानवेना; त्या आक्रसू लागल्या. शेवटी नॉक्स-जॉन्स्टनने ती परत घेतली आणि स्वतः हातांनी दुरुस्तीला बसला. सागाला फारसे काही झाले नव्हते. लोखंडी खिळे मात्र, त्या जुन्या ‘अलार्म’सारखेच, खाल्ले गेले होते, ते त्याने एकेक करून काढले आणि २०१६ साली होडी पुन्हा पाण्यात सोडली.